नोट म्हणजे खूण

गेल्या दिवाळीनंतर धारवाडास जाण्याचा योग आला. माझा एक जुना विद्यार्थी बेळगावच्या रस्त्यावरील बेलूर औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. त्याची दहा वर्षांची मुलगी गाणे शिकते. पाया पडून होताच तिने वही पुढे केली. “गुरुजी, भीमपलासचे नोट्स द्या ना!” मी गमतीने विचारले, “नोट म्हणजे काय गं?” तिने जराशाने देवापुढची दहाची नोट आणून दाखविली. सगळे हसले, माझ्या मनातून मात्र तो शब्द जाईना.

पैशाची नोट, परीक्षेच्या नोट्स आणि गाण्यातला स्वर, या तिन्हींना इंग्रजीत एकच शब्द. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘नोटा’ या शब्दात आहे. अर्थ अगदी साधा: खूण. कचेरीतला नोटरी याच कुळातला. रोमन काळी तो खुणांच्या लिपीत भराभर टिपून घेणारा लेखनिक होता. चलनी नोट ही तर वचनाची खूण. दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापलेले असते, म्हणून त्या कागदाला किंमत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री पाचशे-हजाराच्या नोटांचे चलन थांबले. कागद तोच होता, शाईही तीच. त्यामागचा आधार तेवढा गेला.

आमच्या शब्दाची चाल निराळी. ‘स्वर’ म्हटले की प्रथम कानाला ऐकू येते; ‘नोट’ म्हटले की प्रथम डोळ्यांना दिसते. हा भेद मला लहान वाटत नाही.

स्वरलेखनाचा मी वैरी नाही. बडोदेकराने तसे असणे कृतघ्नपणाचे होईल. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली आणि चिजा स्वरलिपीत छापून काढल्या. पं. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली येथेच भरली. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’ने घराण्यांच्या कुलुपातल्या किती चिजा सामान्य घरांत आणल्या! परंतु त्या लिपीत कोमल गंधार म्हणजे ‘ग’खाली एक आडवी रेघ. काफीचा गंधार असो, भीमपलासचा असो की दरबारीचा, रेघ तीच. भीमपलासमध्ये तो मध्यमाचा स्पर्श घेऊन उतरतो, दरबारीत संथ आंदोलन घेतो. हे रेघ सांगत नाही. ते गळ्याने गळ्याला सांगावे लागते. अब्दुल करीम खाँ काही काळ आपल्या बडोद्याच्या दरबारी होते. त्यांचे गाणे कुंदगोळच्या रामभाऊंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, गळ्यात उतरले आणि पुढे गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोचले. ते वहीतून पोचले नाही.

याची दुसरी बाजूही मी भोगतो आहे. माझे वडील दरबारी गवई. संस्थान विलीन झाले तेव्हा ते अवघे विशीचे होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांच्या वहीत चिजांचे केवळ शब्द आहेत आणि एखाद्या अक्षरावर तांबड्या पेन्सिलीची फुली. ज्या चिजा त्यांनी मला दिल्या, त्यांतील फुली बघताच त्यांचा आवाज कानी येतो. ज्या द्यावयाच्या राहिल्या, त्यांतल्या फुल्या मुक्या आहेत. त्यांनी स्वर लिहून ठेवले असते तर निदान सांगाडा तरी हाती राहिला असता, असे मला अनेकदा वाटते. जीव मात्र त्यात मलाच घालावा लागला असता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, क्रम चुकू नये. आधी कान, मग गळा, शेवटी वही. आज आम्ही शिक्षकच हा क्रम उलटा करतो. परीक्षा तोंडावर आली की स्वरलिपीचे छायाचित्र फोनवर पाठवितो आणि शिकविल्याचे समाधान मानतो. मीही हे केले आहे. अशी तयार झालेली एक विद्यार्थिनी परीक्षेआधी माझ्यासमोर गायली. एक स्वर चुकला नाही आणि राग एकदाही दिसला नाही. दोष तिचा नव्हता. मी तिला खूण दिली होती, खुणेमागचे धन दिले नव्हते. पालकांनीही मुलाची वही किती भरली हे पाहण्याऐवजी, वही मिटून तो काय गातो, ते रोज पाच मिनिटे ऐकावे.

बेलूरच्या त्या मुलीची वही मी बाजूस ठेवली. तानपुरा लावून ‘म’वरून ‘ग’ गाऊन दाखविला. चार वेळा तिचा गंधार कोरडा आला. पाचव्या वेळी मध्यमाला शिवून अलगद उतरला. तिचे तिलाच ते कळले. डोळे मोठे करून तिने विचारले, “आता लिहू?”

म्हटले, “आता लिही.”