घरी आइस्क्रीमचे यंत्र घेताय? आधी फ्रिज तपासा

आखाजीला लेकी माहेरी येतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस ठरलेलाच असतो, नातवंडांची फर्माईश मात्र आइस्क्रीमची असते. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर घरगुती आइस्क्रीम मेकरच्या जाहिराती सुरू होतात. ‘२० मिनिटांत आइस्क्रीम’ हा दावा खोटा नसतो, पण अर्धाच असतो. उरलेले अर्धे काम तुमच्या फ्रिजला करायचे असते आणि जामनेरच्या मे महिन्यात ते त्याला झेपेल का, हे जाहिरात सांगत नाही.

दूध नुसते गोठवले तर त्याचा दगड होतो. गोठत असताना ते सतत फिरत राहिले, तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि आत हवा मिसळते. म्हणजे यंत्राची कामे दोनच, थंड करणे आणि फिरवणे. फिरवणे स्वस्तात जमते. थंड कोण करणार, यावर किंमत ठरते.

स्वस्त यंत्राची मेख

काही हजारांत मिळणाऱ्या यंत्राला स्वतःचा थंडावा नसतो. त्याच्या दुहेरी भांड्यात एक द्रव भरलेला असतो. ते भांडे १२ ते २४ तास फ्रीजरमध्ये, साधारण उणे १८ अंशांवर ठेवावे लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत एकदारी फ्रिज. बाहेर पारा ४४ अंशांवर, पाण्याच्या बाटल्यांसाठी दार दिवसभर उघड-बंद आणि मध्येच वीज जाते. अशा फ्रिजचा वरचा कप्पा बर्फ धरतो, पण उणे १८ गाठेलच असे नाही.

तपासणी सोपी आहे. विकतचे आइस्क्रीम रात्रभर त्या कप्प्यात ठेवा. सकाळी चमचा सहज रुतला, तर हे यंत्र तुमच्या घरी चालणार नाही. भांड्याच्या मापाचेही बघा, बऱ्याच कप्प्यांत ते उभे राहत नाही. शिवाय एकदा आइस्क्रीम झाले की भांडे पुन्हा गोठेपर्यंत दुसरा घाणा निघत नाही. घरात १५ माणसे असताना हे परवडणारे नाही.

कॉम्प्रेसरचे यंत्र या कटकटीतून सोडवते. ते स्वतःच थंड करते आणि एकामागून एक घाणे काढते. विजेचीही फार काळजी नको, १५० वॅटचे यंत्र तासभर चालले तर पाव युनिटसुद्धा जळत नाही. खरी अडचण पाच आकडी किमतीची, कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजची आणि दुरुस्तीची. बिघडल्यावर ते न्यायचे कुठे, हे विकत घेण्याआधी विचारा. वर्षातून चार वेळा वापरायला एवढी वस्तू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉटच बरा

आखाजीच्या गर्दीला जुना पॉटच उपयोगी पडतो. बाहेर बादली, आत डबा, मध्ये बर्फ आणि खडे मीठ. हाताने फिरवायच्या अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतले, तत्त्व आजही तेच आहे. मीठ पडले की बर्फ शून्याच्या खाली वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो. चार भाग बर्फाला साधारण एक भाग मीठ पुरते. डबा दोन तृतीयांशच भरा, मिश्रण फुगते. कारखान्यातला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, म्हणून डब्याचे झाकण घट्ट हवे. उरलेले खारे पाणी झाडांना घालू नका.

घेताना रंग पाहू नका, दांड्याचे गिअर पाहा. प्लॅस्टिकचे दाते घट्ट होत आलेल्या मिश्रणात तुटतात. आतला डबा स्टीलचा हवा आणि पाते सुटे मिळाले पाहिजे.

दूध म्हशीचे

घरी करण्यामागे चवीइतकेच दुधाचेही कारण आहे. कायद्याने साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचे स्निग्धांश लागतात. वनस्पती तेलाचे असेल तर त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते, ही अक्षरे पाकिटावर वाचायची सवय लावा. म्हशीच्या दुधात सुमारे ६ टक्के स्निग्धांश असतात. दोन लिटर आटवून एक लिटर केले की ते १२ टक्क्यांवर जातात. साखर विरघळवून मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये गार करा आणि मगच पॉटमध्ये घाला. कोमट मिश्रण घातले की बर्फ वाया जातो आणि हात दुखतात, एवढेच.

आणि दोन-चार माणसांपुरतेच हवे असेल, तर यंत्राचा विचारच सोडा. आपला जिल्हा केळीचा, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. सालीवर काळे ठिपके आलेली केळी सोलून, चकत्या करून रात्रभर गोठवा आणि दोन चमचे सायीबरोबर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. केळीच्या गरामुळे ते आपोआप मऊसूत होते. पण लगेच वाढा, तासाभराने ते काळवंडू लागते.