अर्जाच्या उंबरठ्यावर अडलेले शिक्षण

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की अहमदपूरच्या बसस्थानकावर सकाळच्या गाड्यांतून एक विशिष्ट गर्दी उतरू लागते. हडोळती, अंधोरी, खंडाळी, शिरूर ताजबंद येथून आणि आसपासच्या तांड्यांवरून आलेल्या या मुलामुलींच्या हातांत एकेक प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि बापाच्या नावाचा सातबारा. ही मुले प्रथम महाविद्यालयाच्या खिडकीशी जातात. खिडकीवरून त्यांस तहसीलकडे, तहसीलच्या आवारातून सेवा केंद्राकडे आणि सेवा केंद्रातून पुनः त्याच खिडकीकडे पाठविले जाते. संध्याकाळच्या गाडीने ती परत जातात तेव्हा पिशवीत एखादा कागद वाढलेला असतो, क्वचित कमीही झालेला असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र बहुधा जेथल्या तेथेच असतो. मंत्रिमंडळाच्या घडामोडींना मिळणारी पहिल्या पानावरची जागा आज आम्ही या पिशवीस देत आहोत, आणि त्याबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

योजनांची वाण आहे असे कोणीही म्हणणार नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांकरिता ५९ हजार कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आणि तिचा साठ टक्के भार केंद्राने उचलावा असे ठरविले. आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून रोख साहाय्य मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांच्या तशाच योजनेचे नाव स्वयम्, तर इतर मागासवर्गीय व भटक्या जमातींच्या तशाच योजनेचे नाव आधार. तीन खाती, तीन नावे आणि तीन प्रकारचे अर्ज! नावे ठेवणाऱ्यांच्या कल्पकतेस आम्ही वंदन करतो. परंतु आपण स्वाधारचे की आधारचे, हे तांड्यावरच्या मुलाने कोणास विचारावे? २०२४ च्या जुलैत शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. निर्णय उत्तम होता. तो वर्तमानपत्रांत छापून आला; आम्हीही छापला. छापल्याने तो ज्या घरी वर्तमानपत्र येत नाही तेथे पोहोचला, असे समजण्याचा भोळेपणा मात्र आम्ही करणार नाही.

ही साखळी कोठे तुटते, ते जरा बारकाईने पाहिले पाहिजे. अर्ज महाडीबीटी नामक संकेतस्थळावर भरावयाचा. तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, तेथून प्राचार्यांकडे आणि तेथून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जातो. कोठेही त्रुटी आढळली की तो परत येतो, आणि परत आल्याचे विद्यार्थ्यास कळते ते त्याने संकेतस्थळ पुनः उघडून पाहिले तर! उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा जोडला, अर्ज परत. जातीच्या दाखल्यावर आडनाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे, अर्ज परत. बारावीनंतर एक वर्ष खंड पडला आणि त्याचे शपथपत्र नाही, अर्ज परत. सर्व दिव्ये पार पडून रक्कम मंजूर झाली, तरी ती जाते आधार क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात. ते खाते कधीकाळी गावच्या शिबिरात उघडलेले आणि पुढे विसरलेले असले, तर विद्यार्थी शहरातील बँकेत पासबुक भरीत बसतो आणि पैसे दुसऱ्याच ठिकाणी पडून राहतात. शिवाय पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी ती आपोआप चालू राहत नाही. दरसाल नूतनीकरण करावे लागते. ही गोष्ट ज्यास कोणी सांगितली नाही तो दुसऱ्या वर्षी गळतो, आणि आपण का गळलो हे त्यास कळतही नाही.

याहून एक क्रूर गोष्ट आहे. काही अटी अर्जाच्या वेळी नव्हे, तर प्रवेशाच्या वेळीच लागू होतात. शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांस हवी असेल, तर प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून, एजंटाच्या आश्वासनावर प्रवेश घेतलेल्या मुलास पुढे सर्व कागद जमा करूनही काही मिळत नाही. हा सल्ला जूनमध्ये अमूल्य असतो आणि सप्टेंबरात निरुपयोगी. तो जूनमध्ये देणारे माणूस आज कोठे बसलेले आहे?

बालाघाटच्या या टापूतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. बाप सांगलीकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात कोयता चालवीत असतो, आणि आधार क्रमांकाशी जोडलेला भ्रमणध्वनी त्याच्या खिशात असतो. इकडे मुलगी सेवा केंद्राच्या बाकावर बसून ओटीपीची वाट पाहते. तिकडे तो ओटीपी उसाच्या फडात येतो आणि काही मिनिटांत विरूनही जातो. या बापाकडे मुकादम मात्र न चुकता पोहोचतो. पावसाळ्यातच तो दाराशी येतो, उचल हातावर ठेवतो, कोयता कोणत्या कारखान्याचा, गाडी कधी निघणार, सर्व समजावून सांगतो. त्यासाठी कोणी संकेतस्थळ उघडावे लागत नाही. कर्जात बांधणारी उचल घरपोच येते आणि कर्जातून सोडविणारी शिष्यवृत्ती खिडकीशी तिष्ठत ठेवते, या व्यवस्थेत मुलगा पुस्तक सोडून कोयता धरतो याचे नवल कसले? २०१५ च्या दुष्काळात याच लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने एसटीच्या पासापुरते पैसे घरात नाहीत या विवंचनेत आयुष्य संपविले होते. दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांस मोफत पास देण्याचा निर्णय त्यानंतर झाला. इतक्या लहान रकमेवर येथे शिक्षण अडते, आणि केवळ शिक्षणच अडत नाही, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी हा प्रश्न येत नाही. मुलाचा अर्ज अडला तर कोणाचा मेहुणा कलेक्टर कचेरीत असतो, कोणाचे शेजारी निवृत्त प्राध्यापक असतात, कोणाची वहिनी बँकेत असते. एक दूरध्वनी केला की कोणता कागद कमी आहे ते कळते. यास आपण लाच म्हणत नाही, वशिलाही म्हणत नाही. ओळख म्हणतो, आणि ते बरोबरही आहे. परंतु ही ओळख हीच आपल्या वर्गाची खरी शिष्यवृत्ती आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा नाही, नूतनीकरण नाही, आणि तिचा अर्ज कधी परत येत नाही. आम्ही एके काळी खडू-फळ्यावर पोट भरले आहे. तेव्हा वर्गातली जी मुले मधेच दिसेनाशी झाली, त्यांच्यासंबंधी ‘अभ्यासात लक्ष नव्हते’ असा शेरा आम्हीही कधी कधी लिहिला. आज त्यातले किती शेरे खरे होते, याची खात्री आम्हांस देता येत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक गोष्ट सर्वांस ठाऊक आहे आणि तिचा अर्धा भाग सर्वजण विसरतात. सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांस एलफिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा पंचवीस रुपये दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. हा झाला ठाऊक असलेला भाग. परंतु चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या त्या मुलास हेरून, त्याच्या हाती पुस्तके देऊन, पुढे त्याची गाठ महाराजांशी घालून देणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे एक शाळामास्तर होते. त्यांच्यापाशी द्यावयास पैसा नव्हता. पैसा कोठे आहे आणि तेथवर कसे जावयाचे, हे मात्र त्यांस ठाऊक होते. दातृत्व आणि पात्रता यांच्यामध्ये जे माणूस लागते ते केळुसकर गुरुजी होते. आज सयाजीरावांची जागा शासनाने घेतली आहे आणि पात्र मुले तर गावोगाव आहेत. मधली जागा रिकामी आहे.

ती कोणी भरावी? सर्व भार महाविद्यालयाच्या लिपिकावर टाकून त्यास दोष देणे सोपे आहे. एक माणूस, शेकडो अर्ज आणि संध्याकाळी बंद पडणारे संकेतस्थळ, अशी त्याची अवस्था असते. प्राध्यापक समित्यांवर आहेतच. त्यांच्या समित्यांची यादी वाचूनच दम लागतो. आमच्या मते ही जागा विद्यार्थ्यांनीच भरली पाहिजे. ज्या मुलीने गेल्या वर्षी स्वतःचा अर्ज तीनदा परत आलेला पाहिला, तीच यंदाच्या नवख्या मुलीस पहिल्या खेपेला नीट अर्ज भरावयास शिकवू शकते. ती त्याच गावची असते, तीच बोली बोलते. तिच्यासमोर ‘आमच्याकडे सातबारा नाही, जमीनच नाही’ असे सांगताना मान खाली जात नाही. पूर्वी पुण्यास शिकावयास गेलेल्या गरीब मुलांस कोणत्या घरी कोणता वार मिळेल हे आधी आलेला मोठा मुलगाच सांगत असे. ती सोय एका जातीपुरती होती आणि तीत मिंधेपणा होता. येथे तर प्रश्न हक्काच्या पैशाचा आहे.

याकरिता नवे खाते किंवा नवी इमारत नको. समाजकल्याण विभागाने गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांतून ‘समान संधी केंद्रे’ स्थापण्याची योजना आखली, ती नेमक्या याच हेतूने. आमचे म्हणणे इतकेच की फलकाखाली टेबल असावे आणि टेबलामागे प्रशिक्षित विद्यार्थी असावेत. या कामाचा त्यांस मोबदला मिळावा. कर्मवीर भाऊरावांच्या परंपरेतील ‘कमवा व शिका’ योजना आज आपल्या विद्यापीठांतून चालते. तीत मुले बागेस पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तके लावतात. त्याच तासाच्या हिशेबाने ती शिष्यवृत्तीचा सल्ला देऊ लागली, तर दोन कामे एका पैशात होतील. अमेरिकेने १९६४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या कामास सरकारी पैसा दिला, आणि तेथील कित्येक विद्यापीठांच्या साहाय्य कार्यालयांत समोर बसलेला सल्लागार स्वतः विद्यार्थीच असतो. १९६९ साली आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली, तेव्हा तिच्या चाळीस हजार स्वयंसेवकांनी रस्ते केले, झाडे लावली. रस्त्याइतकेच हेही श्रमदान आहे. केवळ यात फावडे नाही.

आक्षेप येतील आणि त्यांतील काही खरे आहेत. कुटुंबाचे उत्पन्न, जात, बापाचे कर्ज या गोष्टी वर्गमित्राच्या नजरेस पडणार, त्या चव्हाट्यावर येणार नाहीत कशावरून? म्हणून गुप्ततेची लेखी हमी घ्यावी, कोणाचा पासवर्ड किंवा मूळ कागद सल्लागाराने ठेवून घेऊ नये, पैशास तर हातही लावू नये. विद्यार्थी चुकीचा सल्ला देतील, अशीही भीती आहे. देतील. आज चुकीचा सल्ला सेवा केंद्राबाहेर उभा असलेला एजंट देतो आणि त्याचे पैसेही घेतो. एक धोका मात्र आम्हांस अधिक वाटतो. मुले फुकट राबतात असे दिसताच संस्थाचालक त्यांच्या माथी कचेरीचे सारे काम मारतील आणि लिपिकाची जागा रिक्तच ठेवतील. अर्ज तपासण्याचे व पुढे पाठविण्याचे उत्तरदायित्व महाविद्यालयाचेच राहील, हे विद्यापीठाने परिपत्रकात शब्दशः लिहिले पाहिजे. सल्लागार निवडताना विद्यार्थी संघटनांचे पुढारी टाळावेत, असेही आम्ही सुचवितो. त्यांस बोलता येते, परंतु या कामास ऐकून घेणारा लागतो.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाड्याच्या मुक्तिदिनीच झाली. ज्यांचे नाव त्यास दिले ते हिप्परग्यास आणि अंबाजोगाईस मुलांस शिकविता शिकविताच लढ्यात उतरले होते. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांस कुलगुरूंनी एक परिपत्रक काढावे आणि आरंभ अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावापासून करावा. लातूर शहरातील मुलास विचारावयास दहा माणसे असतात. येथील मुलास खिडकीशिवाय कोणी नाही. समाजकल्याण कार्यालयाचा एखादा जाणता अधिकारी दोन दिवस आला, तर आठ-दहा मुलामुलींचे प्रशिक्षण सहज होईल. मात्र हे सर्व गणपतीच्या सुट्टीपूर्वी व्हावयास हवे. दसरा उलटला की मुकादमांच्या गाड्या तांड्यांवर लागू लागतील. बाप गावात आहे तोवरच त्याच्या उत्पन्नाचा दाखला काढून घेतला पाहिजे, आणि मुलीचे आधार कार्ड तिच्या स्वतःच्या किंवा घरी राहणाऱ्या आजीच्या भ्रमणध्वनीशी जोडून घेतले पाहिजे.