आधी भरा, मग बघू

उशिरा मिळालेली शिष्यवृत्ती म्हणजे गरिबाच्या पोरीने सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज. रागाच्या भरात लिहीत नाही, हिशेब मांडून लिहिते आहे. एम.एस्सी., एम.कॉम., एमबीए, काहीही घ्या. प्रवेशाची फी जुलै-ऑगस्टात भरायची असते. तिची शेवटची तारीख नोटीस बोर्डावर लागलेली असते. ती चुकली की दंड, दंडाची मुदत चुकली की प्रवेश रद्द. महाडीबीटीच्या पोर्टलवरून यायच्या पैशाला मात्र तारीख नाही. अर्जाच्या मुदतवाढीवर मुदतवाढ निघते आणि पैसे खात्यात पडतात तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते, कित्येकांची तर होऊनही गेलेली असते. मधल्या काळात ती फी कोणीतरी भरलेली असते. कोणी भरली, काय गहाण टाकून भरली, त्यावर व्याज किती गेलं, हे मंत्रालयातलं कोणी विचारत नाही.

मी कामशेतला राहते. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, आता निवृत्त आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, तिन्ही खोऱ्यांतली मुलं पदवीनंतरचे फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. टेबलावर कागदांची रास पडते: उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, एखादं वर्ष मोडलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, एवढ्यावर फॉर्म परत येतो. फॉर्म बिनचूक असला तर तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला अडकतो, मग प्राचार्यांच्या, मग डेस्कला. सगळं पार पडून पैसे सुटले, तर खात्याला आधार सीडिंग नाही म्हणून ते मागे फिरतात. भातलावणीचे दिवस असतात. एका दाखल्यासाठी वडगावच्या तहसील कचेरीत दोन-तीन खेपा म्हणजे बापाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. हा खर्च कोणत्याच योजनेत धरलेला नाही.

पवना धरणाच्या काठच्या गावातली एक मुलगी. बी.एस्सी. केमिस्ट्रीला पहिला वर्ग मिळालेला. वडील एका बंगल्याचे केअरटेकर आहेत. तो बंगला ज्या जमिनीवर उभा आहे, ती त्यांच्याच वडिलांनी विकलेली. जवळच्या कॉलेजात एम.एस्सी.ला जागा मिळाली. बी.एस्सी. अनुदानित तुकडीत झाली होती, त्यामुळे फी झेपली, एम.एस्सी. विनाअनुदानित, म्हणून फी काही पटींनी वाढली. आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं हेच झालं आहे. शासनाने नवे वर्ग कायम विनाअनुदानित तत्त्वावर मंजूर केले, अंग काढून घेतलं आणि बोजा आईबापांच्या डोक्यावर टाकला. जिथे पोरांना अधिक शिकायची ओढ लागते, नेमका तिथेच सरकारने हात आखडला.

कॉलेजच्या खिडकीवर तिला सांगितलं गेलं, "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की मग बघू." तिच्या आईने त्याच दुपारी गळ्यातलं गंठण काढून दिलं. पतसंस्थेत सोनेतारण, शेकडा दीड रुपया महिना. म्हणजे वर्षाला 18 टक्के. मी सोबत गेले होते. सोनाराने गंठण काट्यावर ठेवलं, काळे मणी वजा केले, डबीत घातलं, डबीवर चिठ्ठी चिकटवली आणि त्या माऊलीचा अंगठा घेतला. मुलगी बाहेरच्या बाकावर तोंड फिरवून बसली होती.

पुढे समजलं की तिला शिष्यवृत्ती मुळात मिळणारच नव्हती. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठीच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, तिच्यात हे घर सहज बसतं. पण एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, अशीही अट आहे. ही तिसरी मुलगी. दोन थोरल्या बहिणींनी बी.ए. करताना योजनेचा लाभ घेऊन झालेला. मावळात तिसरी मुलगी कशी जन्माला येते हे सगळ्यांना ठाऊक आहे: मुलगा हवा म्हणून. घराला नको असताना आली, आता सरकारच्या यादीतही तिला जागा नाही. ही अट लिहिणाऱ्याने कुटुंब नियोजनाचा हिशेब त्या पोरीकडून वसूल करायचं ठरवलं. मी याला अन्याय म्हणते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

8 जुलै 2024 ला राज्य सरकारने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. निर्णय चांगला आहे, त्यासाठी सरकारचे आभार मानायला माझी ना नाही. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांपुरता आहे. एमबीए करणारी मुलगी त्यात बसते, केमिस्ट्रीत एम.एस्सी. करणारी बसत नाही. मराठीत, इतिहासात, गणितात एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या मुली सरकारच्या लेखी कमी गरजू आहेत का? उद्या याच मुली जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवायला हव्यात ना?

केंद्राची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे: देशभरात वर्षाला 10,000 जागा, महिना 15,000 रुपये, वर्षातले 10 महिने. पदवीच्या गुणांवर मिळते. आमच्याकडच्या हुशार पोरींनी तिचं नावही ऐकलेलं नसतं, कारण कॉलेजात ते सांगायला कोणाला वेळ नाही. कमवा आणि शिका योजना आहे, तिला कर्मवीरांचं नाव आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना वसतिगृहात ठेवून श्रम आणि शिक्षण एका छपराखाली आणलं होतं. लोणावळा लोकलने शिवाजीनगर गाठणाऱ्या आणि दुपारच्या लोकलच्या खंडात फलाटावर अडकणाऱ्या मुलीने बागेला पाणी घालायचे तास कुठून काढायचे? वसतिगृह द्या, मग कर्मवीरांचं नाव घ्या.

राहिलं कर्ज. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेनुसार 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, तिसऱ्या माणसाचा जामीन लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरे. 2015 पासून पतहमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण देता येतं. अर्ज नाकारायचा तर शाखाधिकाऱ्याने वरिष्ठांची संमती घ्यावी आणि कारण विद्यार्थ्याला कळवावं, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्या भागातल्या एका शाखेत साहेबांनी फाइल न उघडताच विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" मुलाचे वडील म्हणाले, "साहेब, सामाईक आहे, चुलत्यांची नावं आहेत." साहेबांनी फाइल परत सरकवली. ना पोच, ना लेखी नकार, ना कारण. अर्ज दप्तरी आलाच नाही, म्हणजे नाकारलाही गेला नाही, म्हणजे वर कळवायचीही गरज उरली नाही. मी पोच मागितली तेव्हा मला बाहेर बसायला सांगितलं. बंगल्यासाठी, चारचाकीसाठी याच शाखेचा माणूस घरी येऊन कागद गोळा करतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेचा गाजावाजा फार झाला. विनातारण, विनाजामीन कर्ज. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर 10 लाखांच्या कर्जापर्यंत व्याजात 3 टक्के सवलत. हे सगळं देशातल्या सुमारे 860 निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तरच. मावळातली मुलं ज्या कॉलेजांत जातात ती राष्ट्रीय क्रमवारीत नसतात. ज्याला चांगली संस्था मिळाली त्याला स्वस्त कर्ज, ज्याला गावाजवळची संस्था मिळाली त्याच्या आईचं गंठण. ही धोरणाची दिशाच उलटी आहे.

तळेगाव दाभाड्यात बाबासाहेब आंबेडकरांचं घर आहे. तिथे हार घालायला पुढारी येतात. त्यांनी बाबासाहेबांच्या एम.ए.चा खर्च कसा भागला ते वाचावं. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, त्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1915 मध्ये एम.ए. झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा, 1917 मध्ये, लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं, तेही पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले 5,000 रुपये उसने घेऊन. एवढ्या ताकदीच्या विद्यार्थ्याची तीन वर्षं पैशापायी गेली. आणि त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतातला व्यापार. 2022 मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज हे विषय वगळले. म्हणजे त्या विषयावर बाबासाहेबांना या नियमाने शिष्यवृत्ती मिळाली नसती. हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी याविरुद्ध तोंड उघडलं?

आता आपल्या माणसांकडे वळते, कारण सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं व्हायला मी तयार नाही. मावळात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. द्रुतगती मार्ग आला, एमआयडीसीसाठी नवलाख उंबरे, बधलवाडी, मंगरूळच्या जमिनी गेल्या, लोणावळ्याच्या डोंगरउतारांपासून पवनेच्या काठापर्यंत गुंठ्यागुंठ्याने शेतं विकली गेली. गुंठामंत्री हा शब्द उगाच पडला नाही. त्या पैशाचं काय झालं ते प्रत्येक गावाला माहीत आहे. लग्नात हजारांच्या पंगती उठल्या, दारात मोठ्या गाड्या आल्या, बैलगाडा शर्यतीच्या बक्षिसांत दुचाक्या वाटल्या गेल्या, नेत्याच्या वाढदिवसाला कामशेत ते वडगाव फ्लेक्स लागले. ज्या घरात पाच वर्षांपूर्वी कोट्यवधी आले, त्या घरातली सून एम.कॉम. करायचं म्हणाली तर सासरे म्हणाले, "एवढं शिकून काय करायचंय?" मंदिराच्या कलशारोहणाला घरटी वर्गणी ठरते आणि आठ दिवसांत गोळा होते. मीही देते, आनंदाने देते. त्याच गावातल्या मुलीची फी भरायला कधी घरटी वर्गणी निघाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि हे तळेगावच्या तालुक्यात! याच तळेगावात 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, त्यातून देशी उद्योग उभा करायचा आणि तरुणांना तो शिकवायचा. लोकांनी गावोगाव पैसा पैसा गोळा केला. काचकाम शिकलेली माणसं इथून बाहेर पडली आणि देशात इतरत्र कारखान्यांत गेली. ज्या लोकांकडे पायात चपला नव्हत्या त्यांनी परक्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी पैसा काढून दिला. आज दारात दोन गाड्या असलेल्यांना तो निघत नाही.

मला धर्मादाय नको आहे, फिरता निधी हवा आहे. शिष्यवृत्ती मंजूर होणाऱ्या मुलाची फी जुलैमध्ये निधीतून भरायची आणि सरकारचे पैसे खात्यात आले की त्याने ते निधीत परत करायचे. व्याज शून्य. पैसा बुडण्याची भीती फारशी नाही, कारण येणं सरकारकडूनच आहे, फक्त उशिरा आहे. पहिल्या वर्षी रक्कम उभी करावी लागेल, पुढे तीच फिरत राहील. जी तिसरी मुलगी योजनेत बसत नाही तिला याच निधीतून कर्ज द्यायचं, नोकरी लागल्यावर तिने हप्त्याने फेडायचं. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यायला कायदाच सांगतो. आमच्या जमिनींवर उभ्या असलेल्या कारखान्यांनी दप्तरं आणि छत्र्या वाटण्याऐवजी इथे यावं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावे लागतात. बंगल्यांची घरपट्टी घेणाऱ्या ग्रामपंचायतींना ही रक्कम लहान नाही. शिलाई मशीन वाटून फोटो काढण्यापेक्षा तिच्यातून फी द्या.

पालकांनीही एक करावं. फी थकली म्हणून मूळ मार्कशीट अडकवून ठेवणाऱ्या कॉलेजपुढे हात जोडू नयेत. मूळ कागदपत्रं संस्थेला ठेवून घेता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच लेखी सांगितलं आहे. त्याची प्रत माझ्याकडे आहे, कोणीही येऊन न्यावी. बँकेत अर्ज तोंडी देऊ नये. दोन प्रती न्याव्यात आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

1 मेच्या ग्रामसभेसाठी मी विषय लिहून सरपंचांकडे दिला आहे: पदव्युत्तर शिक्षणासाठी गावाचा फिरता फी-निधी. पोच घेतली आहे. त्या पतसंस्थेत ठेवलेलं गंठण सोडवायची मुदत जूनमध्ये संपते.