डिस्चार्ज झाला, पण चार्ज कोणी घेतला?

सरकारी नोकरीत एक नियम पहिल्या दिवसापासून अंगात मुरतो. बदली झालेला अधिकारी कार्यभार सोडतो तेव्हा तो घेणाऱ्याची सही कागदावर असावी लागते. घेणारा अद्याप रुजू झाला नसेल तर दुसऱ्या कोणाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो, पण खुर्ची बेवारस ठेवली जात नाही. इतकी वर्षे हा नियम मला केवळ कागदी उपचार वाटत आला होता. त्याचे मोल जानेवारी २०२५ मध्ये कळले, आणि तेही कचेरीत नव्हे, तर लखनौच्या विकास नगरात आमच्याच गल्लीतल्या एका घरात.

आमचे हे शेजारी मूळचे वऱ्हाडातले. नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इकडचेच झाले. मुलगा बंगळूरला असतो, घरी दोघेच. ऐन थंडीत एका पहाटे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. रुग्णालयात वेळेवर पोहोचले, उपचारही चांगले झाले. सत्तरीच्या पुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला होता, त्यामुळे खर्चाचीही फारशी चिंता पडली नाही. इथवर शासनयंत्रणेने आपले काम चोख केले, हे मी मुद्दाम नोंदवतो. अकराव्या दिवशी चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर आणले. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी शेवटची ओळ होती : ‘फिजिओथेरपी घ्यावी.’

वहिनींनी ते कार्ड माझ्यापुढे धरले आणि विचारले, ‘‘भाऊ, हे कोणाकडे घ्यायचं? किती दिवस? ते इथे येणार, की यांना रोज जिना उतरवून न्यायचं?’’ उभे आयुष्य प्रशासनात गेले, तरी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. रुग्णालयाने कार्यभार सोडला होता आणि घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती.

ही कोरी जागा किती महत्त्वाच्या काळात येते ते पाहण्यासारखे आहे. पक्षाघातानंतर मेंदूचा मृत झालेला भाग परत येत नाही, पण उरलेला मेंदू नव्याने शिकतो आणि हरवलेली कामे काही अंशी आपल्याकडे घेतो. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, साधारण सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी चालते आणि पुढे मंदावते. थांबते असे मात्र नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या बाबतीत तर हा काळ जिवावरही बेततो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, लघवीची व्यवस्था नीट शिकवली नाही तर मूत्रपिंडे जातात. पक्षाघातात लुळ्या हाताला धरून उठवले की खांदा दुखावतो, आडवे ठेवून पाणी पाजले की ते श्वासनलिकेत जाते. या चुका घरोघर होतात आणि सगळ्या प्रेमापोटीच होतात.

आता कागद पाहू. आयुष्मान योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो. दुसऱ्या टोकाला दिव्यांगांच्या सवलतींचे दार प्रमाणपत्राने उघडते. मेंदू व मज्जातंतूंच्या आजारांत प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारणपणे आजार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी करावी, नेमका काळ डॉक्टरांनी ठरवावा, असे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. त्यामागे वैद्यकीय तर्क आहे : अंग सुधारत असताना अपंगत्व मोजायचे कसे? तर्क रास्त आहे, परिणाम मात्र विचित्र आहे. सोळाव्या दिवसापासून सहाव्या महिन्यापर्यंत हा माणूस आरोग्य खात्याच्या लेखी रुग्ण उरत नाही आणि समाजकल्याणाच्या लेखी अजून दिव्यांग झालेला नसतो. ज्या काळात त्याचे उरलेले आयुष्य ठरते, नेमक्या त्याच काळात तो कोणत्याही खात्याचा नसतो.

हा दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही, तो खात्यांच्या आखणीतला आहे. केंद्रात आरोग्य मंत्रालय एक, दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग दुसऱ्या मंत्रालयात. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आरोग्य मंत्रालयाकडे, तर कटक आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. लखनौतही चित्र तेच. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा पुनर्वसन विभाग वैद्यकीय शिक्षणाकडे, तर डॉ. शकुंतला मिश्रा पुनर्वसन विद्यापीठ दिव्यांगजन विभागाकडे. संस्था आहेत, त्यांत जाणकार माणसेही आहेत. पण विकास नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरून तिथपर्यंत माणसाला पोहोचवणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

रिकामी जागा रिकामी राहत नाही. वहिनींकडे आठवडाभरात सल्ल्यांचा ढीग पडला. कोणी कबुतराच्या रक्ताची मालीश सुचवली, कोणी राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामला न्या म्हटले. तिथे पक्षाघाताचे रुग्ण सात दिवस राहतात आणि मंदिराला रोज प्रदक्षिणा घालतात. मला या श्रद्धेची थट्टा करायची नाही. उलट प्रशासकाच्या नजरेने पाहिले तर बुटाटी एक गोष्ट नेमकी करते : ती कार्यभार घेते. कुठे यायचे, किती दिवस राहायचे, सकाळ-संध्याकाळ काय करायचे, हे तिथे ठरलेले असते. सोबतीला तसलीच दुखणी असलेली माणसे असतात. आमच्या डिस्चार्ज कार्डावर यातले काहीच नव्हते.

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला या संदर्भात पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवल्यावाचून राहत नाहीत. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने या शहरात संगीत महाविद्यालय सुरू झाले, जे आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. १९३३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, मांडीचे हाडही मोडले. त्यानंतर ते अंथरुणालाच खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत निवर्तले. त्या काळी वैद्यकाजवळ देण्यासारखे फार थोडे होते. आज बरेच आहे, तरीही असंख्य घरांत खाटेवरची ती तीन वर्षे जशीच्या तशी घडतात. भातखंड्यांच्या वेळी विद्या नव्हती. आज विद्या आहे, पण ती घरापर्यंत पोहोचवणारा निरोप्या नाही.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते : आपल्याकडे कुटुंबव्यवस्था मजबूत आहे, घरच्यांना शिकवले की झाले. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. पण भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० पक्षाघात रुग्णांवर नेमकी हीच कल्पना तपासली गेली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. घरच्या माणसाला व्यायाम व शुश्रूषा शिकवलेल्या गटात सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण ४७ टक्के होते, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातही ४७ टक्केच. म्हणजे कुटुंब हवेच, पण ते प्रशिक्षित माणसाची जागा घेऊ शकत नाही. शासनाने आपला भार वहिनींच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे हे केवळ अन्यायाचे नाही, निरुपयोगीही आहे.

सलग कार्यभार देता येतो, याचे उदाहरण आपल्याच देशात, आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्यांची जिद्द असामान्य होतीच. पण सैन्य जखमी जवानाला रुग्णालयाच्या दारात सोडून देत नाही, हेही विसरून चालणार नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून याच भूमिकेतून चालत आले आहे. नागरी जीवनात कायद्याने एका टोकाला असेच संरक्षण दिले आहे : सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात ते बजावले आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्येही ते कायम आहे. नोकरी राखून ठेवायची, पण त्या नोकरीवर परत जाण्याइतके बरे होण्याची सोय करायची नाही, हे मात्र अर्धवट काम झाले.

माझ्या सूचना चार आहेत, आणि त्यांपैकी पहिली व तिसरी नव्या कायद्याशिवाय अमलात येऊ शकतात.

१. पक्षाघात किंवा मज्जारज्जूच्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड हे कार्यभार-पत्र मानावे. ‘फिजिओथेरपी घ्यावी’ ही ओळ पुरेशी नाही. कोणत्या केंद्रात, कोणत्या तारखेला, कोणाकडे, हे त्यावर असावे आणि त्याची प्रत रुग्णाच्या वस्तीतल्या आयुष्मान आरोग्य मंदिराकडे त्याच दिवशी जावी.

२. १५ दिवसांची मर्यादा या दोन दुखण्यांपुरती सहा महिन्यांपर्यंत वाढवावी, आणि ठरावीक संख्येच्या व्यायामसत्रांचा खर्च, घरी येऊन दिलेल्या सत्रांसह, योजनेत धरावा. मेंदू वाचवण्यावर लाखो रुपये खर्च करून तो माणूस खाटेवरच राहिला, तर आधीचाही खर्च बव्हंशी वाया जातो.

३. सुधारणेची शक्यता असते तेथे मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहेच. ती पहिल्या काही आठवड्यांतच वापरावी.

४. जिल्ह्यात मुख्य चिकित्साधिकारी आणि दिव्यांगजन अधिकारी यांच्यापैकी एकाला या मधल्या काळासाठी नावानिशी जबाबदार धरावे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात एकच प्रश्न विचारला जावा : गेल्या महिन्यात घरी गेलेल्या रुग्णांपैकी किती जणांपर्यंत प्रशिक्षित माणूस पोहोचला?

मनुष्यबळ कमी आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण फिजिओथेरपिस्ट आधी आणि मागणी नंतर, अशा क्रमाने कोणतीही पदे निर्माण झालेली मी पाहिली नाहीत. चौथा प्रश्न दर महिन्याला विचारला जाऊ लागला, तर पदांचा प्रस्ताव आपोआप मंत्रालयात पोहोचेल.

घरापासून दूर असलेल्या वाचकांना एक वेगळी विनंती. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील एका शहरात आणि आपण दुसऱ्या शहरात असतो. वेळ आलीच, तर रुग्णालय सोडण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्या : पुढील तपासणीची तारीख, व्यायाम शिकवणाऱ्याचे नाव, आणि गिळण्याची तपासणी झाली की नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देशभर चालते, त्यामुळे ‘गावी गेल्यावर काढू’ म्हणून थांबू नका.

आमच्या शेजाऱ्यांचे काय झाले, ते सांगून थांबतो. चौकशी करता करता पाच आठवडे गेले. मग एक तरुण फिजिओथेरपिस्ट मिळाला, आणि मुलाच्या पैशांवर पाच महिने तो घरी येत राहिला. आता ते काठी घेऊन जिना उतरतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. शब्द सापडायला वेळ लागतो, पण सापडतात. उजवा हात मात्र उघडत नाही. सुरुवातीचे पाच आठवडे वाया गेले नसते तर तो उघडला असता का, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. वहिनींनी मला ते एकदा विचारले होते, आणि तेव्हाही माझ्याजवळ उत्तर नव्हते.