'फक्त सभासदांसाठी' म्हणजे कोणासाठी?

वधू-वर सूचक मंडळांत स्थळ नोंदवलेल्या सर्व पालकांस,

एका मंडळाच्या संकेतस्थळावर 'फक्त सभासदांसाठी' ठेवलेले मुलींचे फोटो गूगलवर नाव टाकताच धडाधड बाहेर येतात, हे आपण पाहिलंच आहे. त्याबद्दलचा संताप इथे पुन्हा मांडत नाही. बोलायचं आहे ते या मंडळांच्या एका जुन्या खोडीबद्दल. पानाला कुलूप आणि फोटो उघडा!

फी भरल्याशिवाय पत्रिका दिसत नाही, वडिलांचा फोन नंबर तर नाहीच नाही. म्हणजे कुलूप लावता येतं. फोटो मात्र त्याच सर्व्हरवरच्या उघड्या फोल्डरमध्ये पडलेला. त्याची लिंक हाती लागली की पासवर्ड न विचारता कोणालाही मिळतो. वर फाइलचं नाव काय, तर मुलीचं नाव, आडनाव आणि जन्मसाल! शोधयंत्राला आणखी काय हवं? जिथे फी बुडेल तिथे पहारा. मुलीचा चेहरा वाऱ्यावर.

विचारलं की उत्तर तयार असतं: "आम्ही रोबोट्स डॉट टीएक्सटी लावली आहे." ही 1994 सालची युक्ती. 'कृपया इकडे येऊ नका' अशी शोधयंत्रांना विनंती करणारी साधी फाइल. मोठी शोधयंत्रं ती विनंती पाळतात. न पाळणाऱ्याला अडवेल असं तिच्यात काहीच नाही. 2022 मध्ये तिचं अधिकृत मानक निघालं, त्यातही हे नियम म्हणजे प्रवेशावरचं नियंत्रण नव्हे, असं स्वच्छ लिहिलंय. शिवाय ती फाइल कोणीही उघडून वाचू शकतो, म्हणजे कोणतं फोल्डर लपवलंय हे आपणच जगजाहीर करायचं. धन्य!

"गूगलला कळवून काढून घेतो," हे दुसरं उत्तर. संकेतस्थळाच्या मालकाला मिळणारी ती सोय साधारण सहा महिन्यांची. मूळ फोटो उघडाच राहिला तर मुदत संपल्यावर तो पुन्हा वर येऊ शकतो. तोवर मुलीचं लग्न ठरेल, असा हिशेब असावा.

तिसरं ऐकून तर डोकंच फिरतं: "एवढी भीती होती तर फोटो दिलात कशाला?" अहो, नोंदणीच्या फॉर्मवर फोटोच्या रकान्यापुढे 'अनिवार्य'ची लाल चांदणी आम्ही छापली होती का?

खर्चाचं रडगाणंही नको. पत्रिका मागणाऱ्याचं लॉगिन सर्व्हर तपासतोच ना? फोटो मागणाऱ्याचंही तपासावं. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढी रक्कम सात जन्मांच्या मेळाव्यांतूनही जमायची नाही.

येत्या मेळाव्यात पैसे भरण्याआधी आपल्या मुलीच्या फोटोची लिंक कॉपी करा आणि लॉगिन न केलेल्या दुसऱ्या फोनवर उघडा. फोटो दिसला, तर व्यासपीठासमोर उभं राहून माइकवर जाब विचारा आणि आधी भरलेली फीसुद्धा तिथेच परत मागा.

— स्थळ नोंदवलेले काही पालक