यतीम मुलाची बाजू कोण मांडणार?

जूनमध्ये नवे प्रवेश सुरू झाले की आम्हा शिक्षकांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा पडतो. त्यात 'पालकाचे नाव' असा एक रकाना असतो. बहुतेक अर्जांत वडिलांचे नाव असते. पण काहींत मामूंचे, चाचांचे, कधी नानीचे असते. सावेडीत पाहा, मुकुंदनगरला पाहा की झेंडीगेटला, असा अर्ज आला नाही असे वर्ष जात नाही. कुणाचे वडील अचानक गेलेले असतात, कुणाच्या आईवडिलांचा तलाक होऊन दोघांनीही वेगळा संसार थाटलेला असतो, कुणाचा बाप नशेत बुडालेला असतो. मग नात्यातले कुणीतरी पुढे येते आणि लेकराला आपल्या घरी नेते. कागद नाही, कोर्ट नाही. "आपलंच लेकरू आहे," एवढ्यावर मामला मिटतो.

ही आपल्या घरांची मोठी नेकी आहे. आपले प्रेषित (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले आणि चाचा अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. यतीमाच्या डोक्यावर हात ठेवणे हे आपल्याला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही.

पण या महिन्यात मला दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचे आहे. ज्या घरात लेकरू नेले, तिथेच त्याची आबाळ झाली, मारहाण झाली किंवा त्याहून वाईट काही घडले, तर त्याची बाजू कोण मांडणार? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच तर कागदावर 'पालक' असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहावीला एक मुलगी होती. तिची ओळख पटेल असे काहीही लिहिणार नाही. तसे लिहिणे कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. आईवडील नव्हते, जवळच्या नातेवाइकाकडे राहत होती. सकाळच्या पहिल्या तासाला डोळे मिटायची. डबा नसायचा. हातावर भाजल्याचे डाग होते, ते एकाच दिवसाचे नव्हते. विचारले की म्हणायची, "टीचर, पोळ्या करताना भाजलं." एके दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, घरी सांगू नका, पण मला सुट्ट्या नको वाटतात." लेकराला सुट्टी नकोशी झाली, यापुढे आणखी काय पुरावा हवा?

मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही १०९८ वर फोन केला. मुलगी बाल कल्याण समितीपुढे गेली. नातेवाईक आले, मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित आले. सगळे एकच बोलत होते: पोरगी हट्टी आहे, खोटे बोलते, आम्ही पोटच्या पोरीसारखे पाहतो. मोठी माणसे खूप होती, आवाजही मोठे होते. ती खुर्चीच्या कडेवर बसून ओढणीचे टोक पिळत होती. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिच्यासाठी आलेल्या तरुण वकील बाईंनी एवढेच सांगितले, "माझी अशील ही मुलगी आहे. तिचे म्हणणे या सगळ्यांना बाहेर पाठवून ऐकावे." समितीने ते मान्य केले. त्या बंद दाराआड ती काय बोलली, हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. पण त्या दिवशी ती त्या घरी परत गेली नाही. पुढे तिची खाला तयार झाली आणि समितीच्या आदेशाने मुलगी तिच्याकडे गेली.

हे सगळे कोणत्या कायद्याने घडते, ते आपल्या घरांत माहीत असायला हवे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. अनाथ, टाकून दिलेले, छळ किंवा दुर्लक्ष होत असलेले मूल तिच्यापुढे पोलीस, शिक्षक, डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ता किंवा कुणीही जागरूक नागरिक नेऊ शकतो. मूल स्वतःही जाऊ शकते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मूल समितीपुढे आले पाहिजे. मग घरची चौकशी होते, अहवाल येतो आणि चार महिन्यांत समितीने निर्णय द्यायचा असतो. ताब्यातल्या मुलाला मारणे, उपाशी ठेवणे, जाणूनबुजून हेळसांड करणे याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "आमच्या घरचा मामला" असे कायदा मानत नाही.

आता वकिलाबद्दल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार मुलाला वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. श्रीमंत घरचे असो वा गरीब, ते मूल आहे एवढे पुरे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. लैंगिक अत्याचार असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. त्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, अधिकारी गणवेशात नसतो, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, सुनावणी बंद दाराआड होते आणि आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी घेतात. सोबतीला 'आधार व्यक्ती' नेमता येते. तिने मुलाला प्रत्येक पायरीवर काय चालले आहे ते समजावून सांगायचे. असा गुन्हा माहीत असूनही न कळवणे हाही गुन्हा आहे, हे विशेष लक्षात ठेवावे.

मुलासाठी उभा राहणारा स्वतंत्र माणूस का लागतो? अमेरिकेत सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सौकप यांना हाच प्रश्न पडला होता. छळ झालेल्या मुलांबद्दल निर्णय देताना त्यांच्यापुढे आईबापांचा वकील असे, सरकारचा वकील असे. मुलाला नेमके काय हवे, हे सांगणारे कुणी नसे. १९७७ मध्ये त्यांनी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलांच्या बाजूने न्यायालयात उभे केले. एका माणसाकडे एक-दोन मुले. तो शाळेत जाई, घरी जाई, मुलाशी बोले आणि न्यायाधीशांना खरे काय ते सांगे. ती पद्धत पुढे देशभर पसरली.

आपल्या महाराष्ट्रातही ही लढाई जुनी आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले आणि त्याच वर्षी संसदेने पहिला बाल न्याय कायदा केला. कुलाब्यातल्या 'अँकरेज' आश्रयगृहांचे प्रकरण तर प्रत्येक संस्थाचालकाने वाचावे. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणाऱ्या त्या घरांत ती देखणी इंग्रजी बोलणारी माणसेच मुलांवर अत्याचार करत होती. २००१ मध्ये हे उघड झाले. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. पण चाइल्डलाइन आणि अॅडव्होकेट महारुख अदनवाला यांनी प्रकरण सोडले नाही. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षे कुणीतरी त्या मुलांच्या मागे उभे राहिले, म्हणून हे झाले. मुलाचा शब्द साहेबाच्या शब्दापुढे टिकला.

आता आपल्या घरांत नेहमी विचारला जाणारा प्रश्न: "सरकारकडे गेलो तर पोर दत्तक जाईल, त्याचा मजहब जाईल." हा गैरसमज आहे. दत्तक वेगळे आणि प्रतिपालकत्व वेगळे. प्रतिपालकत्वात समिती मुलाला दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देते. मुलाचे नाव तेच राहते, वडिलांचे नाव तेच राहते, जन्मदात्यांकडून येणारा वारसाहक्क तसाच राहतो. योग्य वाटल्यास आईवडील भेटू शकतात. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचे असते. समितीने दर महिन्याला त्या घराला भेट देऊन मुलाची खुशाली पाहायची असते. आपल्याकडची 'कफालत' याहून फार वेगळी नाही. तिथेही यतीमाचा नसब बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कफालतचा शब्दशः उल्लेख आहे आणि मुलाचा धर्म, भाषा, संस्कृती यांचा विचार करावा असेही त्यात आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. ज्याला दत्तक घ्यायचे आहे, त्यालाही वाट खुली आहे. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले. पण ती सक्ती नाही. ज्याला कफालत हवी, त्याने प्रतिपालकत्वाचा रस्ता धरावा.

पैशाची मदतही आहे. एक पालक गमावलेल्या किंवा अनाथ मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे; २०२३ पासून तिच्यात मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. हे नाव देणे साजेसेच झाले. ज्या सावित्रीबाईंनी आपल्याच नगरमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, त्यांनी एका विधवेच्या मुलाला पोटाशी धरून यशवंत म्हणून वाढवले, डॉक्टर केले. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. नानीच्या पेन्शनवर तीन नातवंडे वाढवणारी घरे मला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

आणि शेवटी यतीमाचा माल. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात खरे कारण इथेच निघाले. तिच्या वडिलांच्या नावावर दोन खोल्यांचे घर होते आणि नातेवाइकाने त्याचा सौदा ठरवत आणला होता. सूरह निसाच्या सुरुवातीलाच यतीमांच्या मालाबद्दल किती कडक ताकीद आहे, हे आपण जाणतो. देशाचा कायदाही इथे त्याच बाजूने उभा आहे. मुस्लिम कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा पालक म्हणजे वडील, आजोबा किंवा त्यांनी वसियतीने नेमलेला माणूस. चाचा, मामू, भाऊ, एवढेच नव्हे तर आईलाही न्यायालयाने नेमल्याशिवाय मुलाची जागा विकता येत नाही. १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इमामबांदी खटल्यात हे स्पष्ट केले. पालक नेमून घ्यायचा असेल, तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. न्यायालय मुलाचे हित पाहते आणि मूल समजत्या वयाचे असेल, तर त्याची पसंतीही विचारते. वकील बाईंनी सौद्याला हरकत घेतली, म्हणून ते घर आजही त्या मुलीच्या नावावर आहे. त्या नातेवाइकाने मला सलाम करणे सोडले. चालेल.

ज्यांनी खरोखर प्रेमाने यतीम सांभाळला आहे, त्यांना एक सांगणे. तुमच्या पश्चात त्या मुलाला तुमच्या इस्टेटीत आपोआप वाटा मिळत नाही. पण तुम्ही एक तृतीयांशपर्यंत वसियत करू शकता, हयातीत हिबा करू शकता. मुलाचा आजोबांच्या घरातला वाटा चाचा हयात असल्यामुळे अडला असेल, तर आजोबांनीही हाच मार्ग वापरावा. "मुलं बघून घेतील" यावर सोडू नका.

मशिदीच्या ट्रस्टींना, जमातीच्या जबाबदार मंडळींना विनंती आहे. यतीमांसाठी जकात गोळा होते, ईदला कपडे वाटले जातात. त्याबरोबर मोहल्ल्यातल्या अशा मुलांची एक यादी करा: कोण कुणाकडे राहते, शाळेत जाते का, बालसंगोपनाचा अर्ज झाला का, वडिलांची जागा कुणाच्या ताब्यात आहे. वर्षातून दोनदा त्या घरी जा आणि मुलाशी एकट्याने दोन शब्द बोला. आपल्यात वकिलीचे शिक्षण घेतलेल्या मुली आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी दोघींनी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव नोंदवले, तरी शहराला पुरे.

आणि आयांनो, १०९८ हा क्रमांक आपल्या मुलांकडून पाठ करून घ्या. आपल्या मुलाला तो लागू नये, अशीच माझी दुआ आहे. पण त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला लागू शकतो, आणि मुले आपले दुःख आधी आपल्या दोस्तालाच सांगतात.