फासे वाईट की पैसे?



सप्तव्यसनं आपण सगळ्यांनीच पाठशाळेत पाठ केली. त्यात पहिलं द्यूत, आणि उदाहरण ठरलेलं, राजा युधिष्ठिर. राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदी पणाला लागली. म्हणून आपल्या पुष्कळ घरांत पट, सोंगट्या, फासे असा शब्द काढला तरी मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. दशलक्षण पर्वात दुपारच्या वेळी मुलांसाठी बैठे खेळ ठेवू या, असं मी इथे पूर्णेत आमच्या महिला मंडळात सुचवलं, तर दोघी-तिघींनी लगेच विचारलं, "मंदिराच्या आवारात जुगार?" त्यांची तळमळ मला कळते. म्हणणं पटत नाही.

आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात द्यूताला सगळ्या अनर्थांत पहिलं स्थान दिलंय. का दिलंय, तेही सांगितलंय. ते शौचाचा नाश करतं, कपटाचं घर आहे, चोरी आणि असत्य तिथे राहतात. म्हणजे रोख लोभावर आहे, कपटावर आहे. मी बी.कॉम. झालेली बाई, मला गोष्टी जमा-खर्चाच्या खात्यांत मांडून बघायची सवय. ज्या डावात कुणाच्या खिशातून काही जात नाही आणि कुणाच्या खिशात काही येत नाही, तो डाव मी द्यूताच्या खात्यावर कसा लिहू?

आता खेळांकडे येते, कारण सगळे खेळ एका माळेचे मणी नाहीत.

आमच्याकडे सगळ्यात चालतो तो अष्टचंगा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं काढायची, चारही बाजूंची मधली घरं आणि मधोमधचं घर, अशा पाच घरांवर फुल्या मारायच्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी हात लावायचा नाही. चार पांढरे वर पडले की चार, सगळे काळे पडले की आठ. पूर्णा दक्षिण मध्य रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे रेल्वे कॉलनीत तेलुगू कुटुंबं बरीच, त्या बायका यालाच अष्टा-चम्मा म्हणतात. नियम तेच. कवड्या म्हणजे शेवटी एका जिवाचं कवच, म्हणून मी त्या वापरत नाही. चिंचोके घासून मधून दोन फाकी केल्या की झालं. एका बाजूने पांढरे, एका बाजूने काळे.

सारीपाट याचाच मोठा भाऊ. अधिकासारखा पट, प्रत्येक हाताला आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चार हातांची मिळून ९६ घरं. इंग्रजांनी हाच प्रकार सोपा केला, कवड्यांच्या जागी चौकोनी फासा ठेवला आणि १८९६ साली लुडो या नावाने त्याचं पेटंट घेतलं. आपल्या आजीच्या पेटीतला पट आपल्याला पुन्हा दुकानातून विकत मिळाला.

दानावर चालणाऱ्या या खेळांना बुद्धी लागत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. मला उलट तीच त्यांची मोठी सोय वाटते. ऐंशी वर्षांची आजी आणि सहा वर्षांचा नातू एका पटावर बरोबरीने बसू शकतात, असं घरात दुसरं काय आहे सांगा? बुद्धिबळात हे होत नाही. तिथे हुशार जिंकतो आणि दर वेळी तोच जिंकतो. आपल्याकडे तर सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. मागचं आवरून झालं की संध्याकाळ केवढी लांब उरते! ती आज कशात जाते, ते प्रत्येकीने आपल्या घरात बघावं.

आणि मंदिराच्या आवाराचं म्हणाल, तर आपल्या परंपरेतच पट आहे. आज मुलं ज्याला सापशिडी म्हणतात, त्याचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. मराठीत त्याचं श्रेय परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिलं जातं. जैनांमध्ये त्याला ज्ञानबाजी म्हणत. कापडावर किंवा कागदावर रंगवलेला ८४ घरांचा पट, घराघरांत पाप-पुण्याची आणि गतींची नावं, खाली नरक, वर देवलोक आणि अगदी माथ्यावर सिद्धशिला. गुजरात-राजस्थानकडे पर्युषणात हा खेळला जाई. असे पट आज देशातल्या आणि परदेशातल्या संग्रहालयांत जपून ठेवलेत. साप जास्त, शिड्या कमी, हे मला फार खरं वाटतं. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ गेला आणि हळूहळू घरांतली नावंच पुसली गेली, नुसते आकडे उरले. मुलाला साप गिळतो, पण कोणत्या कषायाने गिळलं ते कळत नाही. नावं पुन्हा लिहिली तर पाठशाळेच्या चार तासांचं काम एका डावात होईल.

म्हणजे मी सगळ्याच खेळांची वकिली करते असं नाही. वाघ-बकरी मी माझ्या घरी मांडत नाही. खेळ जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर दगडावर कोरलेले खेळांचे पट सापडलेत. पण वाघाने उडी मारून बकरी खायची आणि मुलांनी टाळ्या वाजवायच्या, हे मला नको वाटतं. यशोधर राजाची कथा तुम्हाला माहीत आहे. कोंबडा पिठाचा होता, तरी मारण्याचा भाव खरा होता आणि तो त्याला किती भव भोवला! एका मैत्रिणीने मला यावर पकडलं, "मग तुमच्या अष्टचंग्यात सोंगटी मारतात ते?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे "मारली" म्हणायचं नाही, "घरी पाठवली" म्हणायचं. सोंगटी खरोखरच घरी जाते आणि पुन्हा निघते. कुणी याला शब्दांचा खेळ म्हणेल, म्हणू दे. लहान मुलाच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा कोणता शब्द बसतो, याला मी महत्त्व देते.

व्यापार या खेळाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. खोट्या नोटा, शहरं विकत घ्यायची, दुसऱ्याकडून भाडं उकळायचं, त्याचं दिवाळं काढायचं. अपरिग्रहाच्या अगदी उलट! पण या खेळाचं मूळ मोठं गमतीचं आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईने १९०४ मध्ये अशा खेळाचं पेटंट घेतलं, ते जमीनदारी माणसाला कशी पिळते हे दाखवायला. तिने नियमही दोन तऱ्हांचे केले होते, एकात सगळ्यांचं भलं होतं, दुसऱ्यात एकच जण गब्बर होतो. लोकांनी दुसरी तऱ्हा उचलली. ३१ वर्षांनी मोनोपॉली बाजारात आला आणि आपला व्यापार त्याच घराण्यातला. आमच्या घरी नातवंडांनी तो परिग्रह-परिमाण ठरवून खेळायचा असतो. सुरुवातीलाच मर्यादा सांगायची, समजा २५ हजार, त्यावरचं सगळं दानपेटीत. ज्याचं दान जास्त तो जिंकला. पहिल्यांदा नातू चिडला होता. आता तोच भाडं वसूल करायला सगळ्यात कडक आहे, कारण दान वाढवायचंय!

बुद्धिबळाला कुणाचाच विरोध नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तर प्रत्येक आईला घरात पट हवाय. हवाच. फक्त त्याला लगेच क्लास आणि रँकिंग लावू नका, एवढंच.

मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरात पत्त्यालाही कधी हात लावला गेला नाही. त्या घरचा मुलगा मोबाईलवर रमी खेळत दुकानाचे पैसे घालवून बसला. घरातल्या कुणाला सहा महिने पत्ता नव्हता, कारण समोर पट नव्हता, समोर माणूसही नव्हता, मांडीवर एक फोन होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलं झालं. पण कायदा आपल्या दिवाणखान्यात येऊन बसत नाही. द्यूत आपल्या घरांत शिरलं ते या वाटेने, आणि आपण पहारा देतोय चिंचोक्यांवर.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघणार आहे. तोवर ८४ घरांचा पट कापडावर काढायला मी घेतलाय, नावं मराठीत लिहायची आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी जुना ज्ञानबाजीचा पट पेटीत पडून असेल तर मला जरूर कळवा. त्यावरून घरांचा क्रम पडताळून बघता येईल.